फोटोतलं कोपर

माणसाला स्वतःचं कोपर नीट दिसत नाही. त्यासाठी एकतर आरसा लागतो, नाहीतर ऑनलाइन प्रशिक्षण.

नीलम सिरसाटला तिचं कोपर प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी दिसलं. लॉकडाउनचं साल होतं, शाळा बंद होत्या आणि शिक्षक घरोघर चालू होते. बाळापुरातल्या तिच्या स्वयंपाकघरात मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून उभा होता, कुकर गॅसवर होता आणि भेंडी विळीवर होती. जिल्ह्यातले सगळे गुरुजी असेच कुठेतरी टेकून ज्ञान घेत होते. पद्धत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. सकाळी लिंक यायची. चॅटमध्ये ‘उपस्थित’ लिहायचं, कॅमेरा बंद, माईक बंद. मग खबरदारी म्हणून लगोलग ‘अतिशय सुंदर मार्गदर्शन सर’ असंही लिहून टाकायचं, मार्गदर्शन सुरू व्हायच्या आधीच. नंतर राहून गेलं तर उगाच डोक्याला ताप. आदल्या दिवशी अकोटकडच्या एका गुरुजींचा माईक चालू राहिला आणि त्यांनी भर सत्रात म्हैस विकली. त्या आठवड्यातली कामाची माहिती म्हणावी तर तेवढीच झाली. शेवटी एक फॉर्म यायचा. प्रशिक्षण कसे वाटले? उत्तम, अतिउत्तम, उत्कृष्ट. चौथा पर्याय नव्हता.

नीलमचा प्रशिक्षणाला विरोध नव्हता. पहिल्या दिवशी तर ती कोरी वही घेऊन बसली होती. पण मोबाईलवर कसं शिकवावं हे मोबाईलवर शिकवणं चाललं होतं, आणि तिची शाळा होती कासारटाकळीला. तिथं चौथीतल्या निम्म्या पोरांच्या घरी मोबाईलच नव्हता. तिनं तसं विचारलं. “प्रश्न शेवटी घेऊ मॅडम,” असं उत्तर आलं. शेवट आला तेव्हा वेळ संपला होता.

म्हणून तिनं आपलं आपण काढलं होतं. कासारटाकळीत मोबाईल नसला तरी जमुनाबाईची चक्की होती, आणि कोरोना असो नाहीतर काही असो, दळण कोणाला चुकत नाही. डबा घेऊन चक्कीवर पोट्टेच येतात. नीलमनं डब्यांच्या झाकणांवर आतून गणितं चिकटवली. दळण होईस्तोवर पोरं चुन्याच्या गोलात लांबलांब बसून गणितं सोडवायची, उत्तर सांगितल्याशिवाय जमुनाबाई पीठ देत नसे. जमुनाबाई स्वतः शाळेत गेली नव्हती, पण उत्तर चुकलं असं तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. गावात गणित सुधारलं. काही बाया तर दळण नसताना डबे पाठवू लागल्या.

हा सगळा उपक्रम फोटोसकट लिहून नीलमनं शालिकराम गावंडे सरांना पाठवला होता. गावंडे सर साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना शिकवावं कसं हे शिकवणारे. स्वतः वर्गात उभं राहून त्यांना इतकी वर्षं झाली होती की खडू अजून पांढराच असतो का, हे त्यांनी विचारून घेतलं असतं. त्यांनी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. विषय संपला.

आणि आता पडद्यावर अक्षरं झळकली : ‘धान्यातून ज्ञान : एक अभिनव प्रतिमान. संकल्पना व निर्मिती, शालिकराम गावंडे.’ खाली फोटो. जमुनाबाईची चक्की, डबे, चुन्याचे गोल, पोरं. आणि उजव्या कडेला हिरव्या बांगड्यांच्या वर एक कोपर. कोपराच्या पुढची बाई कापलेली.

नीलमनं विळीवरून उठून माईक चालू केला. “सर, थो फोटो...”

त्याच क्षणी कुकरनं शिट्टी दिली.

“कोणाचा तरी कुकर येऊन राहिला,” गावंडे सर म्हणाले. “मॅडम, माईक बंद करा. शिस्त पाळा जरा.” आणि त्यांनीच तो बंद केला.

चॅटमध्ये धो धो ओळी पडत होत्या. अतिशय सुंदर सर. खूपच छान सर. नमन सर. त्यात सगळ्यांत वर, सगळ्यांच्या आधी, सकाळीच खबरदारी म्हणून टाकलेली एक ओळ होती : नीलम सिरसाट, अतिशय सुंदर मार्गदर्शन सर.

ती ओळ पुसता येते का ते तिनं पाहिलं. येत नव्हती.

नवरा सुगत एसटीत कंडक्टर. गाड्या बंद असल्यानं तो घरात होता आणि कोणी खोली बदलली की सवयीनं तिकीट मागितल्यासारखा त्याच्याकडे बघायचा. तो म्हणाला, “तक्रार कर.”

“कोणाकडे?”

“वर.”

“वर जायचं तर अर्ज पह्यले साधनव्यक्तीकडे द्या लागते. ते शिफारस करतात.”

सुगतनं विचार केला. “मंग थ्याच्याकडेच दे. शिफारस तरी करन.”

सासू सुंदराबाई अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भिंतीपलीकडचंही ती ऐकायची, हे तर भिंतीच्या अलीकडचं होतं.

“वं नीलम,” ती म्हणाली, “माह्या शेजारी एक बाई राहे. रोज माहे अंडे चोरे. मी भांडली नाही. कुलूपबी नाही लावलं.”

“मंग काय केलं आत्याबाई?”

“एक सडकं अंडं ठेवलं. पावने घरी आले तवा तिनं फोडलं.” सुंदराबाईनं शेवटची मूठ टाकली. “चोराले आडवू नोका. थ्याले काय चोरायचं ते देत जा.”

मग ती नेहमीप्रमाणे कोंबड्यांकडे वळून त्यांना बोलू लागली. तिला ती सवयच होती. महागाई, जाऊबाई, सरकार, सगळं ती कोंबड्यांना सांगायची. त्यातली एक तांबडी कोंबडी मान तिरपी करून असं काही ऐकायची की नीलमच्या वर्गात अशी चार पोरं असती तर केंद्रात नंबर आला असता.

नीलम त्या कोंबडीकडे बघत उभी राहिली. तिला काय हवंय हे आता स्वच्छ कळलं होतं. पुरस्कार नको, माफी नको. चक्कीची कल्पना कोणाची हे त्याच माणसाच्या तोंडून, त्याच लोकांसमोर, माईक चालू ठेवून ऐकायचं होतं. आणि ते त्याला लोणच्यासारखं आंबट लागलं पाहिजे होतं.

दुपारी तिनं मोबाईल घेतला आणि लिहिलं :

‘कुक्कुट-सहाध्यायी उपक्रम. कोरोनाकाळात विद्यार्थ्याला श्रोता मिळत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एका कोंबडीस धडा प्रकटपणे वाचून दाखवावा. कोंबडीने मान हलविल्यास आकलन झाले असे समजावे. डोळे मिटल्यास धडा पुन्हा घ्यावा. कोंबडी निघून गेल्यास शिक्षकाने आत्मपरीक्षण करावे.’

इथं ती थांबली. आत्मपरीक्षणापाशी तरी माणूस सावध होईल. पण मग वाटलं, सावध होण्यासाठी वाचावं लागतं. म्हणून खात्री करायला तिनं शेवटी आणखी एक ओळ घातली : ‘अंमलबजावणीपूर्वी कोंबडीची लेखी संमती घ्यावी.’

पाठवलं. संध्याकाळी अंगठा आला.

“आला,” नीलम म्हणाली.

“फोडू दे मंग,” सुंदराबाई म्हणाली.

नंतर दिवाळी गेली, थंडी पडली आणि डिसेंबरात पुन्हा लिंक आली. या वेळी नीलमनं भेंडी आधीच चिरून ठेवली होती. कुकर लावलाच नव्हता. सुंदराबाई शेजारी पाट घेऊन बसली होती, सुगत मागं उभा होता. पडद्यावर अक्षरं आली : ‘पक्षीस्नेही प्रकट वाचन : एक क्रांतिकारी प्रतिमान. संकल्पना व निर्मिती, शालिकराम गावंडे.’

नाव बदलण्याइतके कष्ट मात्र त्यांनी घेतले होते.

सरांच्या मांडीवर एक पांढरी कोंबडी होती. ती त्यांनी अकोल्यात आपल्या फ्लॅटजवळच्या दुकानातून आणली होती. तिथं म्हणे दुकानदारानं विचारलं, “कापून देऊ का साहेब?” आणि सर म्हणाले, “नको, वाचून दाखवायचं आहे.” दुकानदाराचा पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, त्यामुळे ही गोष्ट सत्र सुरू व्हायच्या आत शिक्षकांच्या ग्रुपवर आली होती.

सरांनी कोंबडीला पाठ्यपुस्तकातली एक कविता चालीवर वाचून दाखवली. कोंबडीनं डोळे मिटले.

“म्हंजे पुन्हा घ्या लागते,” सर न डगमगता म्हणाले, आणि पुन्हा घेतली. मग त्यांनी पुढं वाचायला सुरुवात केली. आत्मपरीक्षण आलं, गेलं. आणि मग त्याच सुरात : “अंमलबजावणीपूर्वी कोंबडीची लेखी संमती घ्यावी.”

सर स्वतः जरासे अडखळले. पण वाचलेलं वाक्य परत घेण्याची या खात्यात पद्धत नाही.

नीलम पडद्याजवळ सरकली. आता कोणीतरी हसेल. एकानं जरी विचारलं, काहून सर, तरी सडकं अंडं फुटलं.

चॅटमध्ये पहिली ओळ आली. ‘सर, संमतीपत्राचा नमुना मिळेल का?’

दुसरी आली. ‘सर, कधीपर्यंत सादर करायचे?’

मग बांध फुटला. सर, आमचं गाव माळकरी आहे, मोर चालेल का? सर, एका कोंबडीस किती विद्यार्थी मान्य आहेत? सर, आमची सहाध्यायी रविवारी पाहुण्यांत कापल्या गेली, नवीन नोंद करावी की बदली दाखवावी? अकोट तालुक्यातले धर्मपाल गुरुजी, ज्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, त्यांनी लिहिलं, ‘सर, कोंबडी निरक्षर असल्यास अंगठा चालेल काय?’ ही थट्टा आहे हे सगळ्या जिल्ह्यात एकट्या नीलमला कळलं.

गावंडे सरांनी उत्तर दिलं, “गुरुजी, चांगला मुद्दा. पायाचा ठसा घ्या.”

नीलमनं कपाळाला हात लावला. “हासत नाहीत वं आत्याबाई. नमुना मागून राहिले.”

“नोकरी आहे थ्यायची,” सुंदराबाई म्हणाली. “नोकरीवाल्याले हासू उशिरा येते.”

नमुना संध्याकाळपर्यंत आलाच. कोंबडीचे नाव, रंग, पालकाचे नाव, डाव्या पायाचा ठसा, मुख्याध्यापकांची सही व शिक्का. तीन प्रतींत. पुढचे पंधरा दिवस जिल्ह्यातले मास्तर आणि मास्तरणी शिक्क्याचं शाईपॅड घेऊन उकिरड्यांवर पळत होते. जांभळ्या पायांच्या कोंबड्या गावोगाव फिरू लागल्या. एका शाळेनं तीन प्रतींसाठी तीन वेगळ्या कोंबड्या वापरल्या, तो अर्ज त्रुटी काढून परत आला. नीलमनं कासारटाकळीत यातलं काही होऊ दिलं नाही. तिथं चक्की चालू होती तशीच चालू राहिली. तिला वाटायला लागलं की आपण ठेवलेलं सडकं अंडं या लोकांनी ऑम्लेट करून खाल्लं आणि वर अतिशय सुंदर म्हणाले.

आणि मग जानेवारीत बर्ड फ्लू आला.

बातमी मराठवाड्यातली होती, पण कोंबडी म्हटलं की सगळा महाराष्ट्र दचकत होता. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ऑफिसात संमतीपत्रांचे गठ्ठे पोचले. अमरावतीहून आलेल्या सरोजिनी मॅडम तिथं तपासणीला बसल्या होत्या. त्या विभागाच्या मोठ्या अधिकारी. त्यांनी एक गठ्ठा उघडला. सगळीकडे जांभळे पाय. त्यांनी दुसरा उघडला. मग म्हणे त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहा परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लिंक आली. विषय लिहिलेला नव्हता.

“थो तुह्यं नाव घेईन,” सुगत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “आज थो सगळं तुह्यावर ढकलन. नोकरीचं काही झालं म्हंजे?”

पोरांना कोंबड्यांजवळ बसवायचं नीलमनं मनातही आणलं नव्हतं, पण लिहिलं तिनंच होतं. असं लिहायला एक दुपार लागते आणि ते निस्तरायला जिल्हा कमी पडतो, हे तिला आता कळत होतं. तरी तिनं पदर खोचला आणि मोबाईल बरणीला टेकवला.

“घेऊ दे नाव,” ती म्हणाली. “थेच तर पाह्यजे.”

सरोजिनी मॅडमचा कॅमेरा चालू होता. त्यांच्यासमोर टेबलावर गठ्ठा होता.

“माझ्या हातात,” त्या म्हणाल्या, “कासाबाई नावाच्या कोंबडीचं संमतीपत्र आहे. मुख्याध्यापकांची सही आहे. शिक्का आहे. बर्ड फ्लूच्या दिवसांत लहान मुलांना कोंबड्यांसमोर बसवण्याची ही कल्पना कोणाची?”

जिल्हाभर माईक बंद होते. चॅटमध्ये सवयीनं कोणीतरी ‘अतिशय सुंदर मॅडम’ लिहिलं.

“गावंडे सर, वर तुमचं नाव आहे. संकल्पना व निर्मिती.”

“मॅडम, थे...” गावंडे सरांच्या घशातून आवाज आला. “थे नाव चुकून पडलं. उपक्रम माहा नाही मॅडम. थो बाळापूरच्या नीलम सिरसाट मॅडमचा आहे. शब्दन् शब्द त्यायचा आहे. मी फक्त... मी फक्त पुढं पाठवला.”

सुगतनं डोळे मिटले. सुंदराबाईनं नीलमच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सिरसाट मॅडम आहेत का?”

“उपस्थित,” नीलम म्हणाली. तोंडानं.

“हे खरं आहे?”

“हो मॅडम. माझंच आहे. शब्दन् शब्द.”

“तुम्ही तुमच्या शाळेत राबवलं?”

“नाही मॅडम. शहाणं माणूस कोंबडीची सही घेईल का? मी ते फक्त सरांना पाठवलं होतं. सर वाचतात की नुसतं नाव टाकतात, ते पाहायचं होतं.”

मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि त्यांनी तो आवरला. “का पाहायचं होतं?”

इथं नीलमनं घाई केली नाही. इतके महिने धरून ठेवलेलं होतं, ते ती सावकाश जिभेवर आणत होती.

“मॅडम, आधीचाही एक उपक्रम आहे. धान्यातून ज्ञान. चक्कीवरचा. तो कोणाचा आहे, तेवढं सरांनाच विचारा.”

“मॅडम, थोबी त्यायचाच!” गावंडे सर विचारायच्या आधीच ओरडले. त्यांना आता अंगावरचं सगळं झटकायचं होतं. कोंबडी कोणती, चक्की कोणती, हा भेद त्यांना राहिला नव्हता. “चक्कीबी त्यायची! फोटोबी त्यायचा! थे कोपरबी त्यायचंच आहे! माहं काही नाही मॅडम, माहं यातलं काहीच नाही!”

“मग तुमचं नक्की काय आहे, सर?” सरोजिनी मॅडमनी विचारलं.

“स्लाइड,” सर म्हणाले. “पाठीमागचा रंग मी निवडला.”

त्या वेळी धर्मपाल गुरुजींचा माईक चालू होता. त्यांचं हसू आधी एकटंच आलं, मग कोणीतरी साथ धरली, मग माईकमागून माईक चालू होत गेले. अकोटपासून बाळापूरपर्यंत, उकिरड्यावर पळालेले, शाईनं हात बरबटलेले सगळे गुरुजी हसत होते. कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. तो बंद करायला कोणी सांगितलं नाही.

“आलं,” सुंदराबाई म्हणाली. “उशिरा आलं, पण आलं.”

नीलमला नोटीस मिळाली, ती मिळणारच होती. विभागाची दिशाभूल केल्याबद्दल खुलासा सादर करावा. तिनं तो दोन ओळींत केला : दिशा आधीच भुललेली होती, मी फक्त तिला कोंबडी दाखवली. सुगतनं ती ओळ खोडायला लावली आणि ‘क्षमस्व’ लिहायला लावलं. सरोजिनी मॅडमनी प्रकरण मिटवलं आणि एक अट घातली. पुढचं सत्र चक्कीवर, आणि घेणार नीलम सिरसाट.

मार्चमध्ये ते सत्र झालं. जमुनाबाईनं चक्की बंद करून आधी स्वतःचं बोलून घेतलं, “आवाजात ऐकू नाही येत तुमाले.” मग नीलम बोलली. तिनं पहिल्यांदा प्रश्न घेतले आणि नंतर मार्गदर्शन केलं. चॅटमध्ये ‘उपस्थित’च्या ओळी पडत होत्या. त्यांच्यात, बऱ्याच खाली, एक होती : शालिकराम गावंडे, उपस्थित. त्यांना आता परत एका शाळेवर पाठवलं होतं. तिसरीचा वर्ग होता.

“गावंडे सर,” नीलम गोड आवाजात म्हणाली, “कॅमेरा चालू करा. शिस्त पाळा जरा.”

कॅमेरा चालू झाला. सर सोफ्यावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी, उशीवर, ती पांढरी कोंबडी. रोग आला आणि गेला, पण तिला कापायचं सरांच्या बायकोच्या जिवावर आलं होतं. कविता ऐकलेली कोंबडी होती. ती मान तिरपी करून नीलमचं ऐकत होती.

“सर्वांनी पाहा,” नीलम म्हणाली, “आकलन होऊन राहिलं आहे.” आणि तिनं स्क्रीनचा फोटो काढला.

अहवालासोबत प्रशिक्षणार्थींचा एक फोटो जोडावा लागतो. संध्याकाळी भाकरी झाल्यावर नीलम तो कापायला बसली. आधी डावी बाजू आत घेतली. सरांचा चेहरा गेला. आणखी घेतली. खांदा गेला. सुंदराबाई वरून वाकून बघत होती.

“अजून,” ती म्हणाली.

नीलमनं अजून घेतलं. उशी पूर्ण राहिली, कोंबडी चोचीपासून शेपटीपर्यंत राहिली, आणि डाव्या कडेला चौकडीच्या बाहीतलं एक कोपर राहिलं. तेवढ्यावर तिनं बोट उचललं आणि फोटोखाली लिहिलं : ‘सत्रास उपस्थित प्रशिक्षणार्थी, सहाध्यायीसह.’

पाठवलं. अमरावतीहून लगेच उत्तर आलं. एक अंगठा.